मोठी होऊन आलेली मुलं



मी साकोली तालुक्यातल्या एकोडी गावची. आमचं घर ख्रिस्ती. घरात आम्ही दोघं आणि दोन मुलं. मुलगी आमच्याकडे आली तेव्हा अकरा वर्षांची होती, तिच्या पाठचा सख्खा भाऊ आठचा. दोघंही दत्तक, आणि दोघंही आजवर घरीच शिकतात. यातली एकच गोष्ट असती तरी गावाला बोलायला पुरली असती. आमच्याकडे तिन्ही एकदम आल्या, त्यामुळे आठवडी बाजारात सांबार-वांगी घेताना पिशवी खाली ठेवून मला उत्तरं द्यावी लागतात. आकाशवाणीमुळे ती आज एकदाच देऊन मोकळी होते.

पहिला प्रश्न ठरलेला. "एवढी मोठी पोट्टी काहून आणली? लहान नाही भेटलं का?"

तान्ह्या बाळासाठी रांगेत असलेली जोडपी खूप. सात-आठ वर्षांच्या पुढच्या मुलाला विचारणारं कोणी नसतं, आणि दोन भावंडं सोबत असली की त्याहून नाही. दत्तकाचे नियमच बघा. मूल जेवढं मोठं तेवढी आईबापाच्या वयाची मर्यादा सैल. २०२२ च्या नियमावलीप्रमाणे दोन वर्षांच्या आतलं मूल हवं तर नवराबायकोच्या वयाची बेरीज ८५ च्या आत लागते, आठ वर्षांच्या पुढच्या मुलासाठी ११० चालते. आमची लग्नानंतरची वर्षं वाट बघण्यात गेलेली, म्हणजे हिशेब आमच्या बाजूचा होता. पण खरं कारण हिशेबाचं नव्हतं. आम्हाला भेटायला नेलं तेव्हा ही मुलगी भावाच्या शर्टाची गुंडी लावत होती. मान वर करून तिनं मलाच विचारलं, "दोघांना नेणार ना?" मुलाखत तिथंच संपली.

घरी आल्यावर शिकवायला काय घ्यायचं, याची मी वहीभर तयारी केली होती. ती वही पावसाळाभर कपाटातच राहिली. मुलं आधी ज्या संस्थेत होती तिथं सगळं घंटेवर चालायचं. उठायची घंटा, जेवायची घंटा, निजायची घंटा. आमच्या घरी घंटा नाही, त्यामुळे ही पोरगी सकाळी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राही आणि विचारी, "आता काय?" पाणी पिऊ का, पंखा लावू का, बाहेर जाऊ का, सगळ्याला परवानगी. अकरा वर्षांच्या मुलीनं स्वतःच्या घरात पाणी प्यायला विचारावं, हे ऐकून माझ्या नवऱ्यानं एक दिवस माठ उचलून अंगणाजवळच्या पडवीत आणून ठेवला आणि म्हणाला, "हा आता कोणाचाच नाही, विचारायचं कोणाला?"

आणि तिला काय येत होतं ते ऐका. सहा लहान मुलींच्या वेण्या ती हां हां म्हणता घालायची, कंगवा दातात धरून. आमच्या घरी वेणी घालायला डोकंच नव्हतं. मग तिनं शेजारच्या मुलींना ओट्यावर बसवायला सुरुवात केली. वाचन मात्र दुसरीच्या पुढे नव्हतं. गावातल्या शाळेनं वयाप्रमाणे वर्गात बसवायची आणि वेगळा सराव करून घ्यायची तयारी दाखवली. शिक्षणहक्काच्या कायद्यात तशी तरतूदच आहे, आणि शिक्षक मनापासून बोलत होते. तिनं मान हलवली. लहानांत बसायची लाज, मोठ्यांत वाचायची भीती. मग घरी बसूया म्हटलं.

पुस्तक उघडलं ते तिच्याच गरजेनं. संस्थेतल्या एका छोट्या मुलीला तिला पत्र लिहायचं होतं. तिच्या वेण्या आता कोण घालतं, एवढंच विचारायचं होतं. "वेण्या" हा शब्द तिनं पाटीवर किती वेळा पुसला त्याची गणती नाही. पत्र गेलं, तिकडच्या ताईंनी त्या छोटीच्या वतीनं उत्तर पाठवलं, ते तिनं अक्षर लावत स्वतः वाचलं. त्यानंतर मला फारसं ढकलावं लागलं नाही. लोक सांगतात, जुनं विसरायला लावा म्हणजे मुलं लवकर रुळतात. मला हे अजिबात मान्य नाही. मोठं होऊन आलेलं मूल आपली माणसं बरोबर घेऊन येतं. त्या माणसांना दारातून परत पाठवलं तर मूलही अर्धं दाराबाहेरच राहतं.

धाकट्याचं गणित शेजारच्या आजोबांनी घेतलं. आमचं शिकवण्याचं वेळापत्रक धानाच्या मागे चालतं. रोवणीच्या दिवसांत वह्या बंद, सगळे बांधीत. दिवाळीनंतर धान घरात आलं की आजोबा जुनी लाकडी पायली काढतात. आठ पायल्यांचा कुडो, वीस कुडोंची खंडी. मुलानं बोटं बघितली आणि विचारलं, "दहा काहून नाही?" आजोबांनी उत्तर दिलं नाही. आठ पायल्या धान ओतून ढीग केला आणि म्हणाले, दोघा भावांत वाट. चार-चार झाल्या. अजून वाट. दोन-दोन. अजून. एक-एक. मग दहा पायल्यांचा ढीग करून तेच करायला लावलं. पाच-पाचवर गाडी अडली. वजनकाटा नसलेल्या घरात निम्मं-निम्मं करत वाटणी होते, हे पोरगं त्या दिवशी शिकलं. खंडीच्या १६० पायल्या होतात हे त्यानं नंतर आपणहून काढलं. आता खरेदी केंद्रावरचा क्विंटलचा हिशेबही तोच सांगतो, आणि बारदान्याचं वजन वजा केलं की नाही, हे बापाला विचारतो.

संध्याकाळी आमच्याकडे उपासना असते. एखादं भजन, शास्त्रातला एक भाग, मग ज्याला ज्याच्यासाठी मागायचं त्यानं मागायचं. धाकटा रोज संस्थेतल्या स्वयंपाकाच्या मावशींसाठी मागतो. त्या त्याला भाताची खरवड राखून ठेवायच्या. आता आमच्या घरातलं कोणीही प्रार्थना करो, त्या मावशींचं नाव राहिलं तर तो हटकतो.

मुलीची गोष्ट वेगळी. तिच्या पेटीत विठोबाचं एक चित्र होतं, ते तिनं आपल्या पलंगापाशी लावलं. आमच्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंना ते खटकलं. आम्ही म्हटलं, राहू द्या. ती उपासनेला बसते, गाते, कधी नाही बसली तर नाही. बाप्तिस्म्याचा विषय तिचा आहे, आमचा नाही. बाजारातला दुसरा ठरलेला प्रश्न हाच असतो, दबक्या आवाजातला. "धर्म बदलवणार का?" मला त्याचा राग येत नाही, कारण तो प्रश्न जुना आहे आणि अगदीच बिनबुडाचा नाही.

पंडिता रमाबाईंना तो विचारला गेला. त्यांची कथा आमच्या विषयाशी इतकी मिळते की ती सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. रमाबाई शाळेत गेल्या नाहीत. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आधी बायकोला संस्कृत शिकवलं, आणि ते थकल्यावर त्या आईनं मुलीला, यात्रा करत फिरताना. १८७० च्या दशकातल्या दुष्काळानं आईबाप गेले, बहीण गेली. उरलेली ही भाऊ-बहीण देशभर पायी फिरली. घरी शिकलेली ती मुलगी १८७८ मध्ये कलकत्त्याला पोचली, तेव्हा तिथल्या विद्वानांनी तिला पंडिता म्हटलं. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडात त्या ख्रिस्ती झाल्या आणि १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन काढलं. तिथं धर्माचं शिक्षण द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. पण रमाबाई स्वतःच्या खोलीचं दार उघडं ठेवून प्रार्थना करत आणि मुली येऊन बसत. सदन पुढे पुण्याला गेलं, तिथं यावरून वादळ झालं, आणि १८९३ मध्ये न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. ते काही रमाबाईंचे वैरी नव्हते. त्यांची शंका मला आजही रास्त वाटते. ज्या मुलीला दुसरीकडे जायला जागा नाही, तिच्या होकाराचं वजन कसं करायचं? रमाबाईंचं उघडं दार मला आवडतं. पण त्या दारातून आत येणारी पोरगी तुमच्याच ताटात जेवते, हे आईनं विसरू नये.

१८९६-९७ चा दुष्काळ पडला तेव्हा रमाबाई मध्य प्रांतात आल्या. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतातच होता, आणि तलावाच्या पाण्यावर जगणारं धान गेलं की इथं काय होतं, ते आपल्याला सांगायला नको. स्वतः उपाशी फिरलेली ही बाई त्या प्रांतातून शेकडो मुली घेऊन गेली. पुण्यात प्लेगामुळे त्यांना ठेवता येईना, म्हणून केडगावच्या माळावर नेलं. त्यातूनच मुक्ती मिशन उभं राहिलं. त्या मुली तान्ह्या नव्हत्या. काहींची लग्नं झालेली, काही विधवा. अक्षरं आणि हाताचं काम सोबतच चाललं. विणकाम, तेलाचा घाणा, शेती, छापखाना. रमाबाईंनी केलेलं बायबलचं मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर, १९२४ मध्ये, त्याच छापखान्यातून बाहेर पडलं. पण हजारभर मुली राहतात त्या जागेला घर म्हणता येतं का, हा प्रश्न मला पडतोच. केडगावला नंतर मुलींची लहान-लहान कुटुंबं करून प्रत्येक कुटुंबाला एक आई दिली गेली. मला तीच पद्धत बरी वाटते.

टिळकांचं घर मात्र घरच होतं. रेव्हरंड नारायण वामन टिळकांना १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना गाडीत एका गोऱ्या प्रवाशानं बायबल दिलं. ती गाडी आमच्या भंडारा रोड आणि तुमसरवरूनच जाते, म्हणून आम्हाला त्या प्रवासाचं उगाच अप्रूप! १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या बायकोनं, लक्ष्मीबाईंनी, घेतला १९०० मध्ये, पाच वर्षांनी, स्वतःच्या मनानं. मधली वर्षं काय यातनांची गेली हे लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. लक्ष्मीबाईही शाळेत गेलेल्या नाहीत. अक्षरओळख नवऱ्याकडून झाली, बाकी संसारात. पुढे त्या घरात परक्यांची पोरकी मुलं येत गेली, राहत गेली, आणि लक्ष्मीबाईंनी टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' हे काव्य पुरं केलं. पलंगापाशी विठोबाचं चित्र लावणाऱ्या मुलीला त्या काय म्हणाल्या असत्या? मला वाटतं, आधी जेवायला वाढलं असतं.

त्या काळात घरात घेतलेलं मूल कागदावर कोणाचंच नसे, आणि ख्रिस्ती घरांत हे फार उशिरापर्यंत चाललं. १९५६ चा दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन, शीख यांच्यासाठी. ख्रिस्ती आईबापांना १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली नुसतं पालक होता येई. मूल सज्ञान झालं की नातं कायद्यापुरतं संपलं, वारसाहक्क नाही. १९९९ मध्ये मॅन्युएल थिओडोर डिसूझा यांच्या अर्जावर मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती रिबेलो यांनी ख्रिस्ती आईबापांचा दत्तकाचा हक्क मान्य केला. पुढे बालन्याय कायदा आला, २०१५ मध्ये तो नव्यानं झाला, आणि आता धर्म कुठलाही असो, दत्तक मूल पोटच्या मुलासारखं कायद्यानं आपलं होतं. रेशनकार्डावर दोघांची नावं चढली त्या दिवशी आमच्या ह्यांनी ते कार्ड उगाच दोन-तीन घरी दाखवून आणलं.

परीक्षांचं काय, असं शिक्षक मंडळी विचारतात. राज्याच्या मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवी, आठवी, दहावी बाहेरून देता येते. शिवाय आपला जुना १७ नंबरचा फॉर्म आहेच. आमच्या मुलीची पाचवीची परीक्षा देऊन झाली, आठवीची तयारी चालू आहे. इंग्रजीत रडारड आहे, ती शाळेतही झाली असती. धाकट्याला मात्र येत्या जूनपासून गावच्या शाळेत जायचंय. कबड्डीचा संघ आहे, खिचडी आहे, दोस्त आहेत. जाईल. घरी शिकवणं हा काही आमच्या धर्माचा भाग नाही, त्या मुलीला तेव्हा लागलं म्हणून केलं.

ऐकणाऱ्यांत कोणी मूल घ्यायच्या विचारात असेल, त्यांच्यासाठी शेवटी कामाचं सांगते. दवाखान्यातून, दाईकडून, ओळखीतून परस्पर मूल घेऊ नका, तो गुन्हा आहे. नोंदणी केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर होते. ते जमत नसेल तर भंडाऱ्याला जिल्हा बाल संरक्षण कक्षात जा. मूल घरी आल्यावर दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी, समाजसेविका भेटायला येतात. त्या आल्या की घाबरून घर आवरत बसू नका. आमच्याकडे त्या आल्या तेव्हा दोघं भावंडं भांडत होती, आणि ताईंनी ते वहीत चांगली खूण म्हणून लिहून घेतलं.