हाताजोगे शस्त्र

(लखनौ येथे पिस्तुलाची नेमबाजी शिकू इच्छिणाऱ्यांपुढे दिलेले व्याख्यान)



पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर घ्यावयाचे ज्याच्या मनात असते, त्याचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो : "बोअर कोणता घ्यावा?" हा प्रश्न गैर नाही, मात्र तो फार लवकर विचारला जातो. शस्त्र कशासाठी हवे आहे, ते कोणाच्या हाती राहणार आहे आणि त्या हाताला किती सराव आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावाचून बोअरच्या प्रश्नाला काही अर्थ उरत नाही. हा क्रम चुकला तर काय होते, हे समजून घेण्यासाठी आपणांस दूर जावयास नको. येथून पंधरा-सोळा किलोमीटरांवर काकोरी आहे.

९ ऑगस्ट १९२५ रोजी संध्याकाळी काकोरीजवळ साखळी ओढून लखनौकडे येणारी आठ डाऊन गाडी थांबविण्यात आली. रामप्रसाद बिस्मिल आणि त्यांचे साथीदार गार्डच्या डब्यातील सरकारी रक्कम घेण्यासाठी आले होते. प्रवाशांना इजा करावयाची नाही, असे त्यांनी ठरविले होते. त्यांच्यापाशी जर्मन बनावटीची माउझर पिस्तुले होती. रकमेची पेटी फुटेना, तेव्हा अशफाकउल्ला खान यांनी आपले माउझर मन्मथनाथ गुप्त यांच्या हाती दिले आणि स्वतः हातोडा घेतला, असा वृत्तांत सांगितला जातो. मन्मथनाथ त्या वेळी अवघे सतरा वर्षांचे होते. त्यांच्या हातून चाप दाबला गेला आणि गोळी सुटली. अहमद अली नावाचा एक प्रवासी त्या गोळीने ठार झाला. तो आपल्या पत्नीची चौकशी करण्यासाठी बायकांच्या डब्याकडे निघाला होता, असे म्हणतात.

या एका गोळीमुळे दरोड्याच्या आरोपाला हत्येची जोड मिळाली. दंडविधानाच्या ३९६व्या कलमाचा आशय असा होता की, पाच किंवा अधिक माणसे मिळून दरोडा घालीत असता त्यांतील एकाने खून केला, तर त्या प्रत्येकाला देहान्त शिक्षा देता येते. हजरतगंजातील ज्या वास्तूत आज मुख्य टपाल कचेरी आहे, तेथे पूर्वी रिंग थिएटर होते. काकोरीचा खटला तेथे चालला. डिसेंबर १९२७ मध्ये राजेंद्र लाहिडी, रामप्रसाद बिस्मिल, अशफाकउल्ला खान आणि रोशन सिंह हे चौघे फासावर गेले. ती गोळी सुटली नसती तर परकी सत्तेने दयाबुद्धी दाखविली असती, असे मी म्हणत नाही. परंतु ज्यांना प्रवाशाचा केसही दुखवावयाचा नव्हता, त्यांच्या हातून एक निरपराध माणूस मेला, हे खरे आहे. त्यास कारण शस्त्राचे सामर्थ्य कमी पडले हे नव्हते. ज्या हाताला त्या शस्त्राची ओळख नव्हती त्या हातात ते आले, हे होते.

आता बोअर म्हणजे काय, ते पाहू. बोअर म्हणजे नळीच्या आतील व्यास. तो कधी इंचाच्या शतांशांत सांगतात, तर कधी मिलिमीटरांत. .३२ म्हणजे एका इंचाचे सुमारे बत्तीस शतांश. म्हणजेच स्थूलमानाने आठ मिलिमीटर. पण व्यासावरून गोळीचे बळ कळते, ही समजूत चुकीची आहे. माउझरची गोळी ७.६३ मिलिमीटरची आणि .३२ पिस्तुलाची गोळी ७.६५ मिलिमीटर या नावाने ओळखली जाणारी. व्यासात फरक जवळजवळ नाही. तरीही माउझरच्या काडतुसात दारू अधिक असल्याने तिची साडेपाच ग्रॅमची गोळी सेकंदाला सव्वाचारशे मीटरांहून अधिक वेगाने जाते, तर .३२ पिस्तुलाची सुमारे साडेचार ग्रॅमची गोळी पावणेतीनशे ते तीनशे मीटरांच्या वेगाने जाते. हिशेब केला तर पहिलीची ऊर्जा दुसरीच्या दुपटीहून बरीच अधिक भरते. सारांश, केवळ आकड्याकडे पाहून चालत नाही. पुरे काडतूस पाहावे लागते.

आपल्या देशात हा प्रश्न कायद्याने बराचसा सोपा केला आहे. १९५९ च्या शस्त्र अधिनियमानुसार लष्कर व पोलीस वापरतात ते ९ मिलिमीटर आणि .३८ यांसारखे बोअर सामान्य परवानाधारकास सहसा मिळत नाहीत. म्हणून आपल्याकडे परवान्यावरचे रिव्हॉल्व्हर म्हटले की ते बहुधा .३२ असते. कानपूरच्या कारखान्यातून निघालेली अशी रिव्हॉल्व्हरे या प्रांतात अनेक घरांत आहेत. .३२ हे दुबळे काडतूस आहे, अशी तक्रार पुष्कळ जण करतात. त्यांना मी एवढेच सांगतो की, हलक्या काडतुसाची नेमकी लागलेली गोळी ही भारी काडतुसाच्या चुकलेल्या गोळीहून केव्हाही श्रेष्ठ. आणि चुकलेली गोळी हवेत विरून जात नाही. ती कोठे तरी लागतेच. काकोरीला ती अहमद अलीला लागली.

बोअरनंतर वजनाचा विचार करावा. येथे एक गंमत आहे. दुकानात हलके शस्त्र हाती घेतले की माणूस खूश होतो. परंतु गोळी जितक्या जोराने पुढे जाते, तितक्याच जोराने शस्त्र मागे येते, हा न्यूटनचा नियम आहे. काडतूस तेच ठेवून शस्त्राचे वजन निम्मे केले, तर ते दुप्पट वेगाने मागे येईल आणि त्याच्या धक्क्याची ऊर्जाही दुप्पट होईल. २०१४ साली कानपूरच्या आयुधनिर्माणीने 'निर्भीक' नावाचे .३२ रिव्हॉल्व्हर काढले. दिल्लीतील २०१२ च्या घटनेनंतर स्त्रियांच्या संरक्षणाचा विचार पुढे आला, त्यातून त्याचे नाव आणि त्याची कल्पना निघाली. हातपिशवीत मावावे म्हणून ते मिश्रधातूचे आणि सुमारे ५०० ग्रॅम वजनाचे केले गेले. बाळगण्याच्या दृष्टीने ही सोय मोठी आहे, यात शंका नाही. पण जे बाळगावयास हलके, ते झाडावयास हलके असतेच असे नाही. पहिल्याच गोळीला मनगटास जोराचा झटका बसला की दुसऱ्या गोळीच्या वेळी डोळा आपोआप मिटतो, चापावरचे बोट आखडते आणि नेम खाली जातो. ही धास्ती एकदा अंगात मुरली की ती काढण्यास महिने लागतात. म्हणून नवशिक्याने शक्य तेवढे जड शस्त्र आणि शक्य तेवढे हलके काडतूस यांपासून आरंभ करावा.

यानंतर हात. प्रत्येकाचा पंजा निराळा असतो. शस्त्र मुठीत घ्यावे, तेव्हा अंगठा आणि तर्जनी यांमधील बेचके मुठीच्या पाठीशी घट्ट बसावे आणि नळी, मनगट व कोपर एका सरळ रेषेत यावीत. या स्थितीत तर्जनीचे पहिले पेर सहजपणे चापावर टेकले, तर ते शस्त्र आपल्या मापाचे आहे. चापापर्यंत पोचण्यासाठी मूठ हातात फिरवावी लागत असेल, तर ते मोठे आहे. बोट चापाच्या पलीकडे दुसऱ्या पेरापर्यंत जात असेल, तर ते लहान आहे. विक्रेत्याकडून शस्त्र उघडवून घ्या, ते रिकामे आहे हे स्वतःच्या डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, सुरक्षित दिशेस धरा आणि मग त्याच्या अनुमतीने रिकामा चाप दहा वेळा ओढून पाहा. नळीच्या टोकावरची माशी प्रत्येक वेळी हलत असेल, तर चाप तुमच्या बोटास जड आहे. घोडा हाताने न चढविता रिव्हॉल्व्हरचा चाप ओढण्यास चार-पाच किलोंचा जोर लागू शकतो. सर्व बोटे तो जोर शांतपणे देऊ शकत नाहीत.

डोळ्यांकडेही पाहावे. नेम धरताना दृष्टी लक्ष्यावर न ठेवता माशीवर ठेवावी लागते. चाळिशी उलटलेल्या माणसास हातभर अंतरावरची माशी अंधुक दिसते. त्याने ठळक माशीचे शस्त्र निवडावे आणि चष्म्याविषयी वैद्याचा सल्ला घ्यावा. दोन डोळ्यांपैकी एक प्रमुख असतो. दोन्ही तळव्यांमध्ये लहान फट ठेवून दूरची वस्तू तीतून पाहावी आणि एकेक डोळा मिटावा. जो उघडा असताना वस्तू फटीत दिसत राहते, तो प्रमुख डोळा. तो डावा आणि हात उजवा असेल, तर हे शिक्षकास आधीच सांगावे.

रिव्हॉल्व्हर घ्यावे की पिस्तूल, या वादात मी फार वेळ घालविणार नाही. रिव्हॉल्व्हरमध्ये काडतुसे फिरत्या नळकांड्यात असतात. एखादे फुसके निघाले तर पुन्हा चाप ओढताच पुढचे समोर येते. यंत्र साधे आणि सर्वांना समजणारे. पिस्तुलाची काडतुसे मॅगझिनमध्ये असतात आणि वरचा सरकता भाग मागे ओढण्यास बोटांत बळ लागते. मनगट सैल राहिले तर ते अडकते. त्याचा सर्वांत मोठा धोका मात्र निराळा आहे. मॅगझिन काढून घेतले की पिस्तूल रिकामे झाले, असे अनेकांस वाटते. एक काडतूस नळीच्या मागील घरात राहिलेले असू शकते. ज्याला ही गोष्ट झोपेतही आठवणार नाही, त्याने पिस्तूल घेऊ नये.

शस्त्र हाताला कसे जुळवावे, हे पाहावयाचे तर खेळाकडे वळावे. दहा मीटरांच्या हवाई पिस्तुलाच्या नेमबाजीत ४.५ मिलिमीटरचा छर्रा असतो आणि दहा गुणांचे वर्तुळ केवळ ११.५ मिलिमीटर रुंदीचे. येथे धक्का जवळजवळ नसल्यामुळे चूक लपत नाही. खेळाडू लाकडी मूठ कोरून, घासून, आपल्या पंजाच्या प्रत्येक वळणास जुळवून घेतात. २०१८ च्या आशियाई क्रीडास्पर्धेत कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळविले. आशियाई स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळविणाऱ्या त्या पहिल्या भारतीय महिला. हा प्रकार .२२ च्या पिस्तुलाने खेळला जातो. म्हणजे मोठ्या बोअरची फुशारकी मारणारे ज्याला खेळणे समजतात, त्या काडतुसाने. टोकियोत २०२१ साली स्पर्धा चालू असतानाच मनू भाकर यांच्या पिस्तुलात बिघाड झाला, मोलाची मिनिटे गेली आणि अंतिम फेरी थोडक्यात हुकली. २०२४ मध्ये पॅरिसला त्यांनी दोन कांस्यपदके जिंकली. जगातील उत्तम शस्त्रही बिघडते. अशा वेळी माणसास तारतो तो सराव आणि त्याने कमावलेले मन.

काकोरीच्या त्याच टोळीत चंद्रशेखर आझादही होते आणि ते पोलिसांच्या हाती लागले नाहीत. पुढे झाशी-ओरछाच्या परिसरात ते गुप्तपणे राहिले. ओरछाच्या जंगलात त्यांनी स्वतः नेमबाजीचा सराव केला आणि साथीदारांनाही तो दिला. झाशीच्या त्यांच्या सहकाऱ्यांत सदाशिवराव मलकापूरकर आणि विश्वनाथ वैशंपायन ही मराठी नावे आहेत. २७ फेब्रुवारी १९३१ रोजी अलाहाबादच्या आल्फ्रेड पार्कमध्ये आझादांना घेरण्यात आले, तेव्हा त्यांच्या हाती कोल्ट कंपनीचे .३२ बोअरचे पिस्तूल होते. ते खिशात मावणारे आणि आठ काडतुसांच्या मॅगझिनचे असून आज प्रयागराजच्या संग्रहालयात पाहावयास मिळते. माउझरच्या मानाने ते दुबळेच. तरीही जखमी अवस्थेत, एकट्याने, झाडाच्या आडून त्यांनी पोलिसांना काही काळ रोखून धरले, इंग्रज अधिकाऱ्यास जखमी केले आणि आपल्या साथीदारास निसटून जाण्यास अवधी मिळवून दिला. ज्या दलातील एका अपरिचित हाताने समर्थ माउझरने अनर्थ घडविला, त्याच दलातील एका सरावलेल्या हाताने लहानशा कोल्टकडून एवढे काम करून घेतले. आजच्या माझ्या सर्व बोलण्याचा पुरावा या दोन प्रसंगांत आहे.

शेवटी एक अप्रिय गोष्ट सांगितली पाहिजे. योग्य शस्त्र कोणते, या प्रश्नाचे एक उत्तर "कोणतेही नाही" हेही असू शकते. ज्याचा राग लवकर चढतो, ज्याच्या घरात मुले आहेत पण कुलूपबंद पेटी नाही, ज्याला सरावासाठी वेळ नाही, त्याने परवान्याच्या अर्जाऐवजी दाराला चांगली कडी बसवावी. आपल्या प्रांतात बंदूक ही प्रतिष्ठेची खूण मानली जाते, आणि लग्नाच्या वरातीत हवेत गोळ्या झाडण्याची हौस तर सर्वांस ठाऊक आहे. अशा आनंदात वऱ्हाडी, बँडवाले, कधी खुद्द नवरदेवही मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. २०१६ च्या नियमांनी परवाना मागणाऱ्यास सुरक्षित हाताळणीच्या शिक्षणाची अट घातली. २०१९ च्या दुरुस्तीने एका परवानाधारकास दोनच शस्त्रांची मर्यादा घातली आणि इतरांचा जीव धोक्यात घालणाऱ्या अशा गोळीबारास दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी शिक्षा ठरविली. शिक्षणाचा दाखला केवळ अर्जास जोडण्याचा कागद समजू नका. तो खरोखर मिळवा.

उद्यापासून आपला सराव सुरू होईल. पहिले काही दिवस कोणालाही काडतूस मिळणार नाही. रिकामे शस्त्र, तेही प्रत्येक वेळी भरलेले आहे असे समजून, हाती घ्यावयाचे. नळी माणसाकडे वळवावयाची नाही. आणि लक्ष्यावर नेम धरल्यावाचून बोट चापावर न्यावयाचे नाही. एवढेच शिकावयाचे आहे. कोणास हे कंटाळवाणे वाटले, तर त्याने सुटीच्या दिवशी काकोरीला जाऊन यावे. तेथे हुतात्म्यांचे स्मारक आहे. त्यांना वंदन करावे. आणि त्याच गाडीतून लखनौला येऊ न शकलेल्या अहमद अली नावाच्या प्रवाशाचीही क्षणभर आठवण करावी. मग शस्त्र निवडण्यास यावे.