देहाचें बळ आणि मात्रेचा विवेक

निसर्गानें दिलेल्या देहांत विज्ञानाच्या साहाय्यानें अधिक बळ घालावें कीं नाहीं, हा प्रश्न आतां पाश्चात्य प्रयोगशाळांपुरता राहिलेला नाहीं. बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्यानें तो वऱ्हाडच्या उंबरठ्यावर आणून ठेविला आहे.

२०२४ च्या डिसेंबरांत व पुढील जानेवारींत बोंडगांव, कालवड, हिंगणा इत्यादि गांवांतील लहानथोरांचे केस अवघ्या तीन-चार दिवसांत गळून डोकीं उघडीं पडलीं. महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं शोध करून असें मत मांडिलें कीं, रेशनच्या दुकानांतील पंजाबी गव्हांत सेलेनियम नांवाचें द्रव्य स्थानिक गव्हाच्या कित्येक पट होतें, आणि रोग्यांच्या रक्तांतहि तें वाढलेलें होतें.

सेलेनियम हें स्वभावतः विष नव्हे. प्रौढ मनुष्यास तें प्रतिदिनीं सुमारें ५५ मायक्रोग्रॅम लागतें. म्हणूनच शरीर बळकट करण्याच्या गोळ्यांत तें घालतात. २००८ सालीं अमेरिकेंत अशाच एका पौष्टिक द्रवांत, वेष्टनावर लिहिलेल्या प्रमाणाच्या २०० पट सेलेनियम पडलें. दहा राज्यांतील २०१ माणसें आजारी झालीं. पुष्कळांचे केस गळले. बलवृद्धि आणि बलहानि यांत अंतर होतें तें केवळ मात्रेचें.

दोन्ही ठिकाणीं द्रव्य एकच. नीतीचा प्रश्न मात्र निराळा, हें श्रोत्यांनीं लक्षांत घ्यावें. अमेरिकेंतील ग्राहकानें तें स्वेच्छेनें विकत घेतलें. वेष्टनानें त्यास फसविलें, तरी दाद मागण्यास हातीं बाटली होती. पंजाबांतील कांहीं भागांच्या मातींत सेलेनियम मूळचेंच अधिक असून तें पिकांत उतरतें. परंतु शेगांवच्या गांवकऱ्यास हें कोण सांगणार? त्याच्या पोत्यावर सेलेनियमची मात्रा लिहिलेली नव्हती.

१५ ऑगस्ट २०२१ रोजीं पंतप्रधानांनीं शासकीय योजनांच्या तांदुळांत पोषकद्रव्यें घालण्याची घोषणा केली. लोहाच्या योगें पंडुरोग हटावा, हा हेतु स्तुत्यच. पण थॅलॅसेमियामुळें ज्यास वारंवार रक्त द्यावें लागतें, त्याच्या देहांत लोह आधींच सांचलेलें असतें. एकाचें पथ्य तें दुसऱ्याचें कुपथ्य.

देह सुधारण्याचा यत्न विज्ञानानें अवश्य करावा. परंतु ज्याचा देह, त्यास आधीं सांगणें हें त्याचें पहिलें कर्तव्य होय. श्रीमंताच्या गोळीवर मात्रा छापलेली असते. ती गरिबाच्या पोत्यावरहि असली पाहिजे, आणि नको म्हणणाऱ्यास दुसरें धान्य मिळालें पाहिजे.