स्वागताध्यक्षीय भाषण : बीडची काळी आणि खजाना बावडी

बीड जिल्ह्याची जमीन काळ्या पाषाणातून जन्मली. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनवर पसरलेला लाव्हा थिजून हा पाषाण झाला. ऊन-पावसाने तो तडकतो, फटींत पाणी व मुळे शिरतात, खनिजे विघटित होतात. आधी मुरूम आणि हजारो वर्षांनी माती तयार होते.

विहीर खणताना हा क्रम उलटा दिसतो : वर कुजलेल्या पालापाचोळ्याने सकस झालेली काळी, खाली चुनखडीचे खडे असलेली चिकण माती, मग मुरूम, तळाशी पाषाण. पाऊस बेताचा असल्याने पाण्यासोबत खाली गेलेला चुना वाहून न जाता तिथेच साकळतो. भारी जमिनीत मात्र थरांच्या सीमा पुसट राहतात. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरची ढेकळे भेगांत पडून जमीन आपोआप उलथापालथ होते.

हान्स येनी यांनी १९४१ मध्ये मातीचे पाच घटक मांडले : मूळ खडक, हवामान, जीवसृष्टी, उतार आणि काळ. बीडमध्ये खडक बहुतांशी एकच, म्हणून फरक पडतो तो उताराने. बालाघाटावर धुपीमुळे थर वीतभर. तिथल्या बरड माळांवर सीताफळ पिकते. धुपलेली माती गेवराई-माजलगावच्या गोदाकाठी साचून खोल होते.

भूगर्भाची खरी पारख सोळाव्या शतकात झाली. निजामशाहीतील सलाबतखानाने शहराबाहेर खजाना बावडी बांधवली. रचनेचे श्रेय राजा भास्कर या कारागिराला दिले जाते. आत कमानींची गोल ओवरी, पाणी आणणारी व शिवाराकडे नेणारी भुयारे, आणि ना मोट ना पंप. निव्वळ उताराने पाणी वाहते. कंकालेश्वराचे देऊळ सर्वांना ठाऊक, पण हा भास्कर विस्मरणात गेला. मृदाशास्त्राच्या परिषदेत त्याचे नाव निघणे बीडकरांच्या दृष्टीने उचितच.

परिषदेच्या प्रतिनिधींचे स्वागत समिती मनःपूर्वक स्वागत करते. निवास मंगल कार्यालयात, पाणी टँकरचे, जेवण भाकरी-पिठल्याचे. यांत उणे राहिल्यास ते समितीचे, पाहुणचाराच्या इच्छेचे नव्हे. मोंढ्यातील आडत व्यापारी, गाद्या देणारे मंडपवाले, चहा पुरवणारे, राबणारे विद्यार्थी आणि मातीचे थर दाखवण्यासाठी स्वतःच्या वावरात पुरुषभर खड्डा खणू देणारा शेतकरी, या सर्वांचे समिती आभार मानते. खड्ड्याची पाहणी उद्या सकाळी, ऊन चढण्याआधी होईल.