नखांचे काम, घरोघरी

(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



स्त्रियांच्या लहान उद्योगांविषयीच्या या भाषणमालेत मजसारख्या नवख्या बाईला बोलावयास सांगितले, याबद्दल मंडळाची आभारी आहे. माझ्याआधीच्या भगिनी मसाले, शिवणकाम, पाळणाघर अशा भारदस्त विषयांवर बोलल्या. माझा विषय नखे! चिटणीसबाईंनी तो जाहीर केला तेव्हा मागच्या रांगेत थोडे हसू झाले, ते मी ऐकले आहे. हसावयास हरकत नाही. मात्र नखांना रंग लावण्याचे कसले पैसे घेता, असे जिला वाटत असेल तिने थोडा वेळ सबुरीने ऐकावे.

दुसऱ्याच्या घरी जाऊन हात हाती घेण्याचा धंदा आपल्याकडे नवा नाही. न्हावी नराणी घेऊन दारी येई. कासारीण ओसरीवर बैठक मारी आणि घरातल्या साऱ्याजणी तिच्यापुढे हात करीत. माझ्या आजोळी येणारी कासारीण भरताना फुटलेल्या बांगडीचे पैसे घेत नसे. काच लागली तर हळद मागून स्वतः लावी. तिची सासूही त्याच घरी येत असे. तिने हयगय केली असती तर दुसऱ्या दिवशी आडावर साऱ्या गावाला कळले असते.

आपल्या शहराचे तसे नाही. सिडकोची स्थापना १९७० सालची; म्हणजे नवी मुंबई या सभेतल्या कित्येकींहून वयाने लहान. सीवूड्समध्ये चौदाव्या मजल्यावर मी घंटा वाजविते तेव्हा दार उघडणाऱ्या बाईंना माझ्याविषयी फोनवर कळले असेल तेवढेच ठाऊक असते. अमेरिकेत जवळजवळ सर्व राज्यांत नखांचे काम करणारीला परीक्षा देऊन परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे तशी सक्ती नाही. तीन दिवस शिकावे, चौथ्या दिवशी पेटी उचलावी, कोणी विचारीत नाही. दुकानात निदान मालकीण असते, शेजारच्या खुर्चीवरची बाई पाहत असते. परक्या घरी माझ्यावर देखरेख करणारी मीच, आणि नेमकी तिथेच टाळाटाळ सोपी असते.

मला या धंद्यात अजून दोन वर्षेही पुरी झालेली नाहीत. पण रंगसंगती आणि नक्षी यांच्याआधी स्वच्छता शिकावी, असे माझे ठाम मत झाले आहे. ‘ब’ प्रकारच्या काविळीचा विषाणू शरीराबाहेर निदान सात दिवस जिवंत राहू शकतो. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या रक्ताने तो एका गिऱ्हाइकाच्या बोटावरून दुसरीच्या बोटावर जाऊ शकतो. म्हणून लोखंडी हत्यारे आधी साबणाने आणि ब्रशने घासावयाची आणि मग ऑटोक्लेव्हमध्ये घालावयाची. ऑटोक्लेव्ह म्हणजे आपल्या प्रेशर कुकरचीच शिकलेली बहीण: १२१ अंश उष्णता, १५ पौंड दाब, पंधरा ते वीस मिनिटे. बाजारात निळ्या दिव्याची एक पेटी मिळते. तीत हत्यारे ठेवली की गिऱ्हाईक खूष होते, पण तिच्यावर विसंबून हत्यारे निर्जंतुक झाली असे मानू नये. लाकडी किंवा कागदी फाइल धुऊन शुद्ध होत नाही. ती एकीसाठी एकच, आणि काम झाल्यावर तिच्या देखत मोडून टाकावयाची. फाइल मोडताना पाहून पुष्कळजणी हळहळतात. नवीच तर होती, म्हणतात!

नखाच्या मुळाशी कातडीची जी बारीक कड असते ती कापून टाका, असा आग्रहही फार होतो. ती कड पाणी व जंतू आत जाऊ देत नाही. तिच्यावरची मेलेली साल तेवढी काढावयाची, जिवंत कातडीला हात लावावयाचा नाही.

रसायनांविषयी एवढेच सांगते की स्वस्त बाटली शेवटी महाग पडते. जेल पॉलिश वाऱ्याने वाळत नाही. दिव्याच्या प्रकाशात घट्ट होते. बाटली एका कंपनीची आणि दिवा भलताच असला तर वरून चकचकीत दिसते आणि आत कच्चे राहते. त्यातली अ‍ॅक्रिलेट जातीची द्रव्ये कच्ची असताना कातडीला लागत राहिली तर अ‍ॅलर्जी होते आणि ती सहसा जन्माची सोबत करते. याच कुळातली द्रव्ये दातांच्या कामात आणि सांधे बसविण्याच्या सिमेंटमध्ये वापरतात, म्हणजे आजच्या हौसेची अडचण म्हातारपणी गुडघ्यापाशी येऊन उभी राहू शकते. युरोपीय संघाने १ सप्टेंबर २०२५ पासून जेलमधल्या टी. पी. ओ. नावाच्या द्रव्यावर बंदी घातली. तेव्हापासून मी बाटलीवरची बारीक अक्षरे चष्मा लावून वाचते, आणि जिच्यावर घटक छापलेले नाहीत ती घेत नाही.

आता प्रवास. रंग काढावयाचे अ‍ॅसिटोन अतिशय लवकर पेट घेते. असले पदार्थ रेल्वेच्या डब्यात नेण्यास बंदी आहे, मेट्रोतही आहे. पनवेलपासून वाशीपर्यंत लोकलने फिरले तर गिऱ्हाइके दुप्पट होतील, हे मलाही समजते. पण गर्दीच्या डब्यात ती पेटी मांडीवर घेऊन बसणे मनाला पटले नाही. म्हणून नेरूळ, सीवूड्स आणि बेलापूर एवढाच टापू ठेवला आहे. स्कूटरवर लहान घट्ट बुचाची बाटली नेते आणि स्कूटर उन्हात उभी करावयाची असेल तर बाटली बरोबर घेते. घरात शिरल्यावर पहिली नजर देवघराकडे जाते. निरांजन किंवा उदबत्ती पेटलेली असेल तर दुसऱ्या खोलीत, खिडकीशी बसण्याची परवानगी मागते. एका आजींना वाटले, मला देवाचे वावडे आहे! कारण सांगितल्यावर त्यांनीच पाट उचलून गॅलरीत नेला.

सर्वांत कठीण काम नकार देण्याचे. गेल्या पावसाळ्यात एका घरी लग्नाची गडबड होती. नवऱ्यामुलीने दुसरीकडे लावून घेतलेली कृत्रिम नखे मी काढली, तो अंगठ्याचे नख हिरवट दिसले. खोट्या नखाखाली ओल साचली की स्यूडोमोनास नावाचे जंतू वाढतात, त्याची ही खूण असू शकते. मुलीच्या आई म्हणाल्या, “अहो ताई, परवा हळद आहे. वरून गडद रंग लावा, कोणाला दिसणार?”

मी म्हटले, “काकू, दिसणार नाही म्हणूनच लावीत नाही. हे नख उघडे राहू द्या आणि आजच त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा. रोग ओळखणे माझे काम नाही. बाकीची नऊ नखे सुंदर करून देते.”

त्यांना ते मानवले नाही. त्या दिवसाचे १,२०० रुपये गेले, शिवाय त्याच इमारतीतल्या दोघींनी पुढे मला बोलाविले नाही. मुलीचे नख बरे झाले की नाही, हे मला कळलेले नाही. नवीन बाईला दोन गिऱ्हाइके म्हणजे थोडी नव्हेत. आठवडाभर मला अन्न गोड लागले नाही. तरी मधुमेह असलेल्या एका बाईंनी पायाच्या नखांचे कोपरे खोल काढावयास सांगितले, त्यांनाही मी डॉक्टरांकडेच पाठविले. त्यांनी मात्र राग धरला नाही. उलट सुनेला माझा नंबर दिला.

या उद्योगात येऊ इच्छिणाऱ्या मुलींना माझे सांगणे आहे की पहिल्या कमाईतून काविळीची लस टोचून घ्या. पहिला डोस, महिन्याने दुसरा आणि सहा महिन्यांनी तिसरा. नात्यातल्या बायकांना दर कमी केला तरी चालेल, फाइल मात्र नवीच द्या.

शेवटी मंडळाला एक विनंती. चांगला ऑटोक्लेव्ह नव्या मुलीच्या आवाक्यातला नसतो, आणि नाइलाजाने ती निळ्या दिव्याच्या पेटीवर भागविते. मंडळाने एक ऑटोक्लेव्ह घेऊन शिवणवर्गाच्या खोलीत ठेवला तर आम्ही पाच-सहाजणी तो पाळीने वापरू आणि दरमहा वर्गणी देऊ. कोणी काय व केव्हा निर्जंतुक केले याची वहीही तिथेच राहील, म्हणजे कोणत्याही गिऱ्हाइकाला ती येऊन पाहता येईल. चिटणीसबाईंनी हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत घेण्याचे कबूल केले आहे. तोवर माझा ऑटोक्लेव्ह घरी आहे. ज्यांना गरज असेल त्यांनी बुधवारी दुपारी हत्यारे घासून, पुसून घेऊन यावे.