कै. दादांची छायाचित्रे
(ज्ञातीच्या वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आमचे ज्येष्ठ बंधू कै. दादा यांनी काढलेली छायाचित्रे आपण बाहेरच्या दालनात पाहिली असतील. ती मांडण्याची अनुमती कार्यकारी मंडळाने दिली, याबद्दल आम्ही भावंडे मंडळाचे ऋणी आहो. दादांचे चरित्र सांगण्याचा येथे हेतू नाही. ते मितभाषी होते, त्यांस ते रुचलेही नसते.

या चित्रांत माणूस जवळजवळ कोठेच नाही. मिठागरे आहेत, खाजणे आहेत, खारबंदिस्तीचे बांध व त्यांतील उघाड्या आहेत, दूरवर कर्नाळ्याचा सुळका आहे. घरी लग्नकार्य असले म्हणजे नातलग म्हणत, “अरे, चिखलाचे फोटो काढतोस, आमचा एक काढ की!” दादा हसत आणि बांधाची वाट धरीत. कॅमेरा साधा, आग्फा क्लिक थ्री. एका रोलात बारा चित्रे. रोलाचे पैसे आगरावरच्या मजुरीतून निघावयाचे, म्हणून एकही वाया घालविणे परवडत नसे. मिठागराचे चित्र भर दुपारी काढावे तर सारे पांढरेफटक होते. बांधांच्या रेघा उमटावयास ऊन तिरपे लागते. सबब ते उजाडण्यापूर्वी निघत. उधाणाचे पाणी कोणत्या तिथीस कोठवर चढते, हे त्यांस पंचांग न उघडता ठाऊक असे. आपल्या आगरी ज्ञातीचे नावच मुळी आगरावरून पडलेले. तेव्हा यात नवल ते काय!

नौदलातील छायाचित्रकार कै. गोपाळ बोधे यांनी आपले किनारे व दुर्ग आकाशातून टिपले. त्या उंचीवरून भूमीचा आकार दिसतो. दादांस बांधावरून जे दिसे ते वेगळे होते.

मार्च १९७० मध्ये सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनी नव्या शहराकरिता गेल्या. जानेवारी १९८४ मध्ये उरण तालुक्यातील आंदोलनात गोळीबार होऊन पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटील साहेबांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंडाचा हक्क पदरी पडला. त्या दिवसांचे एकही चित्र या संग्रहात नाही. दादा तेथे होते. कॅमेरा घरी ठेवून गेले होते. कारण आम्ही कधी विचारले नाही, त्यांनीही सांगितले नाही.

उलव्याची टेकडी मात्र तिन्ही ऋतूंत आहे. विमानतळासाठी ती कापून सपाट केली, नदीचा प्रवाह वळविला, दहा गावे उठली. ८ ऑक्टोबर २०२५ रोजी विमानतळाचे उद्घाटन झाले. तो होऊ नये असे आम्हांस म्हणावयाचे नाही. आमच्याच घरची मुले तेथे नोकरीची खटपट करीत आहेत. परंतु टेकडी कोणीकडे होती, हे त्यांस दाखवावयास आता या चित्रांवाचून दुसरे साधन आमच्यापाशी नाही.

दादांच्या निधनानंतर ट्रंक उघडली, तेव्हा प्रत्येक चित्र उलटून पाहिले. पाठीवर तारीख नव्हती. पेन्सिलीने त्या जागेचे नाव लिहिले होते: वडाखालची उघाडी, आजीचे खाचर, मधला बांध. सात-बाराच्या उताऱ्यावर गट क्रमांक सापडतो, ही नावे सापडत नाहीत. ज्या चित्रांत माणूस नाही म्हणून नातलग रुसत, त्यांच्या पाठीवर कोणाची ना कोणाची आजी होतीच.

काही चित्रांची पाठ कोरी आहे. ती दालनाच्या उजव्या भिंतीवर निराळी लाविली आहेत. वडीलधाऱ्या मंडळींनी, विशेषतः आगरावर राबलेल्या आमच्या माताभगिनींनी, घरी जाण्यापूर्वी ती एकवार पाहावी. ओळख पटल्यास तेथे बसलेल्या मुलास नाव सांगावे. तो लिहून घेईल. शेवटच्या चित्रात एक मोडका बांध आहे, भरतीचे पाणी आत शिरत आहे, आणि काठावर कोणी तरी टोपली ठेवून गेले आहे. हा बांध कोणत्या गावचा, हे आमच्या घरात कोणासही सांगता येत नाही.