मार्करचा घसा

माझा पुतण्या हल्ली मोबाईलवर पूलच्या जागतिक स्पर्धा बघत बसतो. नऊ रंगीत चेंडू, एक पांढरा, सहा भोकं. खेळाडूंच्या छातीवर जाहिराती, मागे टाळ्या. हे व्यावसायिक खेळाडू, असं तो मोठ्या आदरानं सांगतो. तो शब्द ऐकला की मला आमचे मामू आठवतात.

मामू वरंधचे. घाटाखालची जी पोरं मुंबईला गेली त्यांतले. कुणी गोदीत लागला, कुणी बोटीवर. मामू एका क्लबात बिलियर्ड्सचे मार्कर झाले. मार्कर म्हणजे गुण मोजणारा. पण काम तेवढंच नव्हतं. बारा फुटी टेबल, खाली पाटीचा दगड, वर हिरवी बनात. ती बनात रोज एकाच दिशेनं ब्रशनं झाडायची, इस्त्री करायची. साहेब खेळायला लागले की प्रत्येक फटक्यानंतर आकडा मोठ्यानं बोलायचा. बिलियर्ड्सला चेंडू तीनच. आपल्या चेंडूनं दुसऱ्या दोघांना स्पर्श केला की दोन गुण, तांबडा भोकात गेला की तीन. साहेब घरी गेल्यावर दिवे मालवायच्या आधी मामू एकटे खेळत. तेव्हाही आकडा मोठ्यानंच.

१९५८ साली कलकत्त्याला विल्सन जोन्स जगज्जेते झाले. पुण्यात जन्मलेला माणूस. स्वतंत्र भारताला कुठल्याही खेळात मिळालेलं ते पहिलं वैयक्तिक जगज्जेतेपद. पुढे १९६४ मध्ये न्यूझीलंडला त्यांनी ते पुन्हा मिळवलं. त्या बातमीनं मामूंना धीर आला. हौशी खेळाडूंच्या एका स्पर्धेत नाव घालावं म्हणून ते क्लबच्या एका पदाधिकाऱ्याकडे गेले. उत्तर मिळालं, "तू पगारी माणूस. तू हौशी कसा?" म्हणजे टेबल झाडण्याचा पगार घेतला म्हणून मामू धंदेवाईक ठरले! मामू भांडले नाहीत. भांडायला हवं होतं, असं मला अजून वाटतं.

निवृत्त होऊन ते गावी आले. १९९२ मध्ये मी बी. ए. होऊन घरी बसलो होतो. मोतीबिंदूमुळे मामूंना वाचता येत नसे, म्हणून महाडहून एस. टी.नं आलेलं वर्तमानपत्र मी वाचून दाखवत असे. त्या साली मुंबईत बिलियर्ड्सची व्यावसायिक जागतिक स्पर्धा झाली. गीत सेठींनी अंतिम सामन्यात इंग्लंडच्या माइक रसेलला हरवलं. त्याच स्पर्धेत एका पाळीत, मध्ये एकदाही न चुकता, त्यांनी १२७६ गुण केले होते.

मामूंनी आकडा पुन्हा वाचायला लावला. "व्यावसायिक लिवलंय?" त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. ते जरा हसले. मग बोटांवर हिशेब सुरू झाला. फटक्याला दोन-तीन गुण, म्हणजे पाचशेच्या आसपास फटके. मला वाटलं, आता सेठींच्या मनगटाचं कौतुक निघणार. ते निघालंही, पण नंतर.

"आकडा कोन बोलत होता?" मामू म्हणाले. "नाव छापलंय काय त्याचं?"

मी बातमी पहिल्यापासून वाचली, फोटोखालची ओळही वाचली. विजेत्याचं नाव होतं, हरलेल्याचं होतं. गुण बोलणाऱ्याचं नव्हतं. तसं मी सांगितलं.

बाहेर पडवीवर पागोळ्या गळत होत्या. मामू बराच वेळ गप्प होते.

"पाचशे वेळा बोलला असंल बिचारा," ते म्हणाले. "मध्ये कुनी पानी दिलं असंल काय रे त्याला?"