तक्त्याबाहेरची नजर



अध्यक्षीय भाषणात ऑप्टोमेट्रिस्टच्या व्यवसायाच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. ऑनलाइन विक्री, घसरलेले भाव, नोंदणीचे घोळ ही यादी तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त पाठ आहे, म्हणून ती मी वाचणार नाही. मला एकाच विषयावर बोलायचे आहे. आपण कॉन्टॅक्ट लेन्स बसवतो, तक्त्याची शेवटची ओळ वाचून घेतो, कागदावर ६/६ लिहितो आणि पुढचा रुग्ण आत बोलावतो. त्या ६/६ मध्ये मोजली जाते ती नजरेच्या अगदी मध्यावरची, एक-दोन अंशांची जागा. एका डोळ्याला कानाच्या बाजूला शंभर अंशांच्या आसपास दिसते, नाकाकडे आणि वर सुमारे साठ, खाली सत्तरच्या पुढे. हा सारा मुलूख आपल्या कागदावर कोऱ्याचा कोरा राहतो. मायनस नंबरच्या डोळ्यात मात्र लेन्सची निम्मी करामत आणि निम्म्या अडचणी तिथेच असतात.

आधी आपलीच एक लाडकी समजूत तपासू. ‘चष्म्यापेक्षा लेन्सने बाजूचे जास्त दिसते’ असे आपण काउंटरवर सर्रास सांगतो. मायनस चष्म्याच्या बाबतीत हे जसेच्या तसे खरे नाही. मायनस काच दृश्य आक्रसते, त्यामुळे तेवढ्याच आकाराच्या रिकाम्या फ्रेममधून दिसेल त्यापेक्षा तिच्यातून जगाचा मोठा तुकडा दिसतो. काठाशी तर गंमत होते. एकच वस्तू काचेच्या आत लहान आणि स्पष्ट दिसते, काचेबाहेर मोठी आणि धूसर. म्हणजे तिथे दोनदा दिसते. प्लस चष्म्याच्या काठाशी याच्या उलट, आंधळा पट्टा तयार होतो. जुन्या पद्धतीने मोतिबिंदू काढलेल्या आजोबांच्या जाड चष्म्यात शेजारून येणारा माणूस गायब व्हायचा आणि एकदम समोर उभा राहायचा, तो यामुळेच. मायनसवाल्याच्या वाट्याला ते येत नाही. त्याची अडचण अशी की फ्रेमच्या बाहेरचे सारे बिननंबरचे असते, आणि जाड काडी त्यातलाही थोडा भाग खाते. लेन्स डोळ्याबरोबर फिरते, तिला फ्रेम नाही, काडी नाही. ती क्षेत्र वाढवते म्हणण्यापेक्षा क्षेत्राच्या कडेपर्यंत नंबर पोहोचवते, असे सांगितले तर खरे सांगितल्यासारखे होईल.

मोठ्या नंबरात फरक आणखी ठळक होतो. चष्म्याची काच डोळ्यापासून बारा मिलिमीटरवर असेल, तर मायनस १० चा चष्मा लेन्समध्ये जवळपास मायनस ९ होतो, आणि डोळ्याच्या पडद्यावरची प्रतिमा दहा-बारा टक्क्यांनी मोठी होते. काही रुग्ण लेन्स घातल्यावर तक्त्याची एक ओळ जास्त वाचतात, त्यात चमत्कार काही नसतो. चष्म्यात मध्यापासून एक सेंटिमीटर बाजूने पाहिले की मायनस १० ची काच दहा प्रिझमची होते. सरळ कडा वाकतात, म्हणून माणूस डोळे वळवायचे सोडून मान वळवायला शिकतो. एका डोळ्याला मायनस २ आणि दुसऱ्याला ७ असेल तर दोन्ही डोळ्यांचे प्रिझम जुळत नाहीत. अशा रुग्णाला लेन्स सुचवली नाही तर आपण त्याचे नुकसान करतो. फायद्याची किंमतही असते. चष्म्याच्या मायनस काचा जवळचे वाचताना थोडी मदत करतात, लेन्स ती मदत काढून घेते. चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई लेन्स घालून मोबाइल लांब धरू लागली, तर लेन्स बिघडली असे समजू नका. (लग्न ठरले की लेन्स, हा आपल्याकडचा धंद्याचा हंगाम. त्या मुलामुलींना हे कोणी सांगत नाही, आणि वीस वर्षांनी तीच मंडळी तक्रार घेऊन येतात.)

कडेचे ‘स्पष्ट’ आणि मधले ‘स्पष्ट’ यांची जात वेगळी आहे. पडद्याच्या कडेला चेतापेशी विरळ असतात. कितीही अचूक लेन्स बसवा, चाळीस अंशांवरचे बारीक अक्षर वाचता येणार नाही, कारण ती मर्यादा काचेची नाही, पेशींची आहे. पण वाचणे निराळे आणि ‘तिकडे काहीतरी आहे’ हे जाणवणे निराळे. हे जाणवणे मात्र फोकस बिघडला की लगेच मंदावते, हे १९९०च्या दशकात प्रयोगांनी दाखवले आहे. दुचाकीवर उजवीकडून घुसणारी रिक्षा कोणी वाचत नाही, ती जाणवावी लागते. लेन्सचा कडेचा उपयोग शोधायचा तर इथे शोधावा, आणि तो तक्त्यावर कधीच दिसणार नाही.

लेन्सलाही स्वतःचा काठ असतो, हे सेमीसॉफ्ट, म्हणजे लहान कडक लेन्स बसवणाऱ्यांना सांगायला नको. साडेनऊ मिलिमीटरच्या लेन्समध्ये नंबरचा भाग त्याहून लहान. रात्री तरुण डोळ्याची बाहुली मोठी झाली की दिव्यांभोवती वलये दिसतात. सॉफ्ट लेन्स चौदा मिलिमीटरच्या पुढची, म्हणून ही कुरकुर कमी. पण फार तिरपा येणारा प्रकाश तिच्याही नंबरच्या भागाबाहेरून शिरतो, आणि तिथे आपण कागदावर लिहिलेला नंबर मिळेलच अशी खात्री नाही.

आता मुलांकडे वळतो, कारण या विषयाला सध्याची सगळी ऊब तिथून मिळते. नंबर वाढतो म्हणजे बहुतेकदा डोळा लांबतो. एक मिलिमीटर लांबी म्हणजे अडीच ते तीन डायॉप्टर. हा डोळा पुढेमागे जास्त ताणला जातो, बाजूंना कमी. त्यामुळे साध्या चष्म्याने मधली प्रतिमा पडद्यावर नेमकी आणली तरी कडेची प्रतिमा पडद्याच्या मागे पडते, म्हणजे कडेला प्लस नंबर राहतो. १९७१ मध्ये नेदरलँड्समधील होगरहाइड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तरुण वैमानिकांवरील अभ्यासाचे निष्कर्ष छापले. ज्यांच्या डोळ्याच्या कडेला असा प्लस होता, त्यांना पुढे मायनस नंबर जास्त प्रमाणात आल्याचे दिसत होते. मग अमेरिकेत ह्यूस्टनच्या अर्ल स्मिथ यांनी माकडांच्या पिलांवर प्रयोग केले. मध्यभाग मोकळा ठेवून फक्त कडेला धूसर काच लावली तरी डोळे लांबले. लेसरने पडद्याचा मध्यबिंदू नष्ट केल्यावरही डोळ्याची वाढ स्वतःला सावरू शकली. या प्रयोगांवरच्या २००५ च्या निबंधाने आपल्या क्षेत्राचे तोंडच कडेकडे वळवले. डोळा वाढावा की थांबावा हे कडही ठरवते, मग कडेची प्रतिमा पडद्याच्या पुढे आणली तर? आजच्या मायोपिया कंट्रोलच्या, म्हणजे मायनस नंबरची वाढ रोखू पाहणाऱ्या, अनेक लेन्सचा जन्म या प्रश्नातून झाला.

उत्तर निम्मे आले आहे. २०२० मध्ये छापलेल्या अमेरिकेतील ब्लिंक अभ्यासात सात ते अकरा वर्षांच्या मुलांना मध्यभागी दूरचा नंबर आणि भोवती अडीचची ॲड असलेल्या सॉफ्ट लेन्स दिल्या. तीन वर्षांत त्यांचा नंबर सरासरी ०.६० ने वाढला, साध्या लेन्सवाल्या मुलांचा १.०५ ने. दीडची ॲड दिलेल्यांचा ०.८९, म्हणजे साध्या लेन्सपेक्षा फारसा वेगळा नाही. फायदा खरा आहे, पण थांबवणे आणि मंदावणे यांतला फरक जाहिरातीत हरवतो.

उरलेले निम्मे उत्तर अडखळते. साध्या सॉफ्ट लेन्सने कडेचा प्लस चष्म्यापेक्षा कमी होतो असे मोजमापे सांगतात. त्या हिशेबाने साधी लेन्स घालणाऱ्या मुलांचा नंबर हळू वाढायला हवा. २००८ च्या अचीव्ह अभ्यासात तसे काही दिसले नाही. चष्मा आणि साधी लेन्स यांत सांगण्याजोगा फरक निघाला नाही. २०११ मध्ये डोनाल्ड मुट्टी यांच्या गटाने मुलांच्या डोळ्यांची वर्षानुवर्षे मोजणी करून सांगितले की कडेच्या प्लसवरून नंबर लागेल की वाढेल हे धडपणे ओळखता येत नाही. २०१२ मध्ये काही संशोधकांनी त्या डच वैमानिकांवरचा मूळ निबंध पुन्हा बारकाईने वाचला आणि शंका घेतली की कडेची मोजणी बहुधा नंबर बदलल्यानंतरची असावी. म्हणजे कारण समजून चाळीस वर्षे ज्याला धरून बसलो, तो परिणामही असू शकतो.

माझे मत विचाराल तर या लेन्स द्याव्यात, आणि योग्य मुलाला लवकर द्याव्यात. पण पालकांसमोर डोळ्याचे चित्र काढून ‘कडेचा फोकस पुढे आणला की डोळा वाढायचा थांबतो’ हे सिद्ध झाल्यासारखे सांगू नये. अभ्यासात काय आढळले तेवढे सांगावे. या लेन्स कडेची प्रतिमा मुद्दाम पुढे ओढतात, म्हणून अंधुक उजेडात थोडी वलये, थोडी धूसरता दिसेल, हेही सांगावे. आणि लेन्स नळाच्या पाण्याने धुतली तर डोळा जाऊ शकतो, हे सगळ्यांत आधी.

दोन कामे आपल्या हातातली आहेत. पहिले पेरिमेट्रीचे, म्हणजे नजरेच्या क्षेत्राच्या तपासणीचे. काचबिंदूच्या तपासणीसाठी मोठ्या मायनसवाल्याची पेरिमेट्री करताना ट्रायल लेन्सची कड क्षेत्रात सावली पाडते आणि काचबिंदू असल्याचा भास होतो. शक्य तिथे ही तपासणी कॉन्टॅक्ट लेन्स घालून करावी, वयाप्रमाणे जवळची ॲड देऊन. ज्यांच्या डोळ्यातली नस तिरकी बसलेली असते, त्यांच्या पडद्याचा काही भाग मागे खोल असतो. त्यांच्या दोन्ही डोळ्यांत वर-बाहेरच्या बाजूला क्षेत्र कमी दिसते, आणि पिट्युटरीच्या गाठीचा संशय येऊन माणूस एमआरआयच्या रांगेत उभा राहतो. तो डाग उभी मध्यरेषा पाळत नाही, तिच्यावरून सांडतो, एवढे तरी आधी पाहावे. मग थोडा जास्त मायनस देऊन पेरिमेट्री पुन्हा करावी. डाग फिका पडला तर तो बहुतेक नंबराचाच. फिका पडला नाही, तर एमआरआय अर्थातच करावा.

दुसरे काम पडद्याच्या कडेचे. लेन्समुळे रुग्णाला चष्म्याचा विसर पडतो, आणि चष्म्याबरोबर आपला डोळा लांब आहे याचाही. लेन्स डोळ्याची लांबी कमी करत नाही. ताणलेला पडदा कडेला विरळ होतो, फाटतो, तोही सहसा न दुखता. म्हणून लेन्सचा नवा डबा देताना मोठ्या नंबराच्या रुग्णाला त्या वर्षीची पडद्याची तपासणी झाली का, ते विचारा. झाली नसेल तर लेन्स उतरवून, थेंब घालून, नेत्रतज्ज्ञांकडून अगदी कडेपर्यंत करून घ्यायला पाठवा. आणि अचानक काळे ठिपके, बाजूला लखलखाट किंवा कोपऱ्यातून सरकणारा पडदा असे काही फोनवर सांगितले, तर पुढच्या आठवड्याची वेळ देऊ नका, त्याच दिवशी बोलवा.